खराट्याची वारी : श्री गाडगेबाबा यांचे चरित्र

॥ राम कृष्ण हरी ॥

आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षं पुरी झाली. स्मरणिकेत संतांची चरित्रं असावीत असं बैठकीत ठरलं, तेव्हा माउली, तुकोबाराय, नामदेवराय, नाथ महाराज ही नावं आधी निघाली. ती निघायचीच. त्यांच्यावर लिहिणारी जाणती मंडळी आपल्यात आहेत. आम्ही मात्र मागून घेतलं ते श्री गाडगेबाबांचं चरित्र. कुणी म्हणेल, बाबा कुठल्या फडाचे नव्हते, कुठल्या दिंडीत वीणा गळ्यात घालून चालले नाहीत, मग दिंडीच्या स्मरणिकेत ते कशाला? त्याचं उत्तर आम्ही शेवटी देऊ. आधी चरित्र ऐकावं.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी झाला. जात परटाची. वडिलांचं नाव झिंगराजी, आईचं सखूबाई, आडनाव जाणोरकर. पाळण्यातलं नाव डेबूजी. वडिलांना दारूचा नाद लागला आणि त्या दारूनंच त्यांचा घास घेतला. डेबूजी तेव्हा अगदी लहान. सखूबाई पोराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. तिथं मामाच्या घरी डेबूजी वाढला. शाळेचं तोंड पाहिलं नाही. गुरं राखायची, ती नदीवर नेऊन धुवायची, गोठा झाडायचा, मोठा झाल्यावर नांगर धरायचा. अंगात ताकद भरपूर, पोहण्यात तरबेज आणि शेतीच्या कामात असा पटाईत, की मामाचं शेत गावात उठून दिसायचं.

पण मामाची ती जमीन सावकाराच्या घशात गेली. कागदावर काय लिहिलंय ते घरात कुणाला वाचता येत नव्हतं. हा घाव डेबूजीच्या मनात कायमचा राहिला. पुढं कीर्तनात कर्ज काढू नका आणि पोरांना शाळेत घाला असं ते जन्मभर सांगत राहिले, त्याचं मूळ या घावात आहे.

डेबूजीचं लग्न झालं. बायकोचं नाव कुंताबाई. पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला भावकीला मटण आणि दारू घालायची रीत होती. बाप दारूनं गेलेला. डेबूजीनं ती रीत मोडली आणि गोडाचं जेवण घातलं. भावकी रुसली, नावं ठेवली. पण मुक्या जनावराचा जीव घेऊन आपला आनंद साजरा करायचा नाही, हे त्यांनी तेव्हाच मनाशी धरलं. देवापुढं बकरं-कोंबडं कापण्याच्या रीतीला त्यांनी पुढं गावोगाव विरोध केला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीनं घर सोडलं. तेव्हा वय अठ्ठावीस. पाठीमागं आई, बायको, लेकरं. पुढची बारा वर्षं ते वाट फुटेल तिकडं हिंडले. अंगावर चिंध्या जोडून केलेलं वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि एक मातीचं गाडगं. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचं, ऊन लागलं की तेच डोक्यावर घालायचं. लोक कुठं गोधडेबुवा म्हणायचे, कुठं चिंधेबुवा, कुठं लोटके महाराज. शेवटी जगाच्या तोंडी राहिलं ते गाडगेबाबा.

बाबांचा दिवस कसा जायचा ते समजून घेण्यासारखं आहे. गावात शिरले की आधी देवळात जायचे नाहीत आणि पाटलाच्या वाड्यावरही जायचे नाहीत. सरळ खराटा घेऊन गल्ली झाडायला लागायचे. तुंबलेली गटारं मोकळी करायचे, उकिरडे हलवायचे. कुणी वेडा म्हणायचं, कुणी हुसकावून लावायचं. काम झालं की एखाद्या दारात भाकरी मागायची. फुकटचं खायचं नाही हा त्यांचा नेम होता. भाकरीच्या बदल्यात लाकडं फोडून द्यायची, अंगण झाडून द्यायचं आणि मगच गाडगं पुढं करायचं. रात्री जिथं दिवसभर झाडलं त्याच जागेवर कीर्तन.

ते कीर्तनही आपल्या फडावरच्या कीर्तनासारखं नव्हतं. वऱ्हाडी बोलीत, बाया-माणसांना प्रश्न विचारत विचारत चालायचं. प्रश्न साधे, पण उत्तर देताना ऐकणाऱ्याची मान आपोआप खाली जायची. मध्येच गोपाळाचा गजर. कीर्तन संपलं की पाया पडायला गर्दी होईल म्हणून बाबा अंधारातच पसार व्हायचे. कुणी पायाला हात लावला तर काठी उगारायचे. त्यांनी गुरुपद घेतलं नाही आणि कुणाला शिष्य केलं नाही. एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याची बातमी कीर्तन चालू असताना आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, असं त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलं आहे.

आता ऋणमोचनची गोष्ट. अमरावतीकडं पूर्णा नदीच्या काठावर हे क्षेत्र आहे. पौषात तिथं यात्रा भरते. त्या काळी नदीवर घाट नव्हता. उतार सगळा चिखलाचा. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया आंघोळीला उतरताना घसरून पडायच्या. बाबांनी हे पाहिलं. वर्गणीची पावतीपुस्तकं छापली नाहीत, सरकारात अर्ज केला नाही. स्वतः उठले आणि कामाला लागले. एकटा माणूस राबतोय म्हटल्यावर दुसरा आला, दुसऱ्यामागं दहा आले. पुढं तिथं पक्का घाट उभा राहिला. बाबांच्या सगळ्या कामाची रीत हीच होती. आधी आपला हात घालायचा आणि मग वाट बघायची. माणसं येतातच.

मूर्तिजापूरला त्यांनी गोरक्षण उभं केलं. भाकड गाई, म्हातारे बैल यांना तिथं आसरा मिळाला. धर्मशाळा तर किती बांधल्या! पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू. पंढरीत चोखोबारायांच्या नावानं धर्मशाळा बांधली. ती का बांधली? ज्या चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे, त्यांच्याच समाजाच्या वारकऱ्याला पंढरीत पाठ टेकायला जागा मिळत नव्हती. ही धर्मशाळा पुढं बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मुंबईला जे. जे. हॉस्पिटलाजवळ गावाकडच्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठीही धर्मशाळा झाली. लाखांचे व्यवहार त्यांच्या हातून झाले, पण स्वतःच्या बायकोला आणि लेकीला त्यातलं काही मिळालं नाही. बाबा शेवटपर्यंत त्याच चिंध्यांत राहिले.

झाडणं आणि धर्मशाळा ही कामं वेगवेगळी वाटतात, पण ती एकच आहेत हे आम्हाला फार उशिरा कळलं. माणसाला निवारा नसला, आडोसा नसला की तो उघड्यावर बसतो, उघड्यावर झोपतो. घाण होते ती माणूस वाईट म्हणून नव्हे. त्याला जागा नाही म्हणून होते. त्या काळी यात्रांमधून पटकी पसरायची. वारीला गेलेलं माणूस परत येईल की नाही याची घरच्यांना धास्ती असायची. पाणी नासलं की देवाच्या दारातही मरण येतं, हे जुन्या लोकांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं. बाबांचा खराटा आणि बाबांची धर्मशाळा या दोन्हींचा उपयोग एकच, माणूस जगला पाहिजे.

आता पंढरीकडं येऊ. आषाढी-कार्तिकीला बाबा पंढरपुरात असायचे. पण लाखो माणूस दर्शनाच्या बारीत उभा असताना बाबा चंद्रभागेच्या वाळवंटात असायचे. हातात खराटा. लोकांनी टाकलेली घाण, उष्ट्या पत्रावळी, चिंध्या, विष्ठा सगळं ते गोळा करायचे. रात्री त्याच वाळवंटात त्यांचं कीर्तन उभं राहायचं आणि माणसांचा समुद्र लोटायचा. देवळात जाऊन त्यांनी विठ्ठलाचं दर्शन घेतलं नाही असं सांगतात. आपल्यासारख्याला हे ऐकून कसंसंच होतं. आपण तर पायावर डोकं ठेवायला मिळावं म्हणून सारी रात्र बारीत काढतो. पण बाबांच्या मनात विठ्ठलाबद्दल अढी नव्हती. वाळवंटही त्याचंच अंगण आहे आणि मालकाच्या अंगणात घाण पडलेली असताना चाकरानं आत जाऊन कसं बसावं, एवढंच त्यांच्या वागण्यातून दिसतं.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्याला बोचणारी आहे. आपल्याकडं घाण करणारा सोवळा राहिला आणि घाण उचलणारा ओवळा ठरला. पिढ्यान् पिढ्या खराटा काही ठरावीक जातींच्याच हातात दिला गेला. बाबांनी तो आपण होऊन हातात घेतला, तो सगळ्यांसमोर, पंढरीच्या वाळवंटात घेतला आणि पाटील-देशमुखांच्याही हातात दिला. ज्याच्या कीर्तनाला गाव लोटतं तोच गटार उपसतोय म्हटल्यावर कुणाला नाही म्हणायची सोय उरली नाही. घाण साफ झाली ही तर मोठी गोष्ट आहेच, पण खराट्याला चिकटलेला विटाळ बाबांनी झाडून टाकला, ही त्याहून मोठी.

६ डिसेंबर १९५६ ला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीला नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी बाबांनी देह ठेवला. समाधी अमरावतीला आहे. पुढं २०००-०१ साली सरकारनं गावोगाव ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, त्याला बाबांचंच नाव दिलं. अमरावतीच्या विद्यापीठालाही आज त्यांचं नाव आहे. जो माणूस शाळेत गेला नाही, त्याच्या नावानं पोरं पदवी घेतात.

चरित्र इथं संपतं. आता सुरुवातीला जे उत्तर राखून ठेवलं होतं ते देतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माउलींच्या पालखीच्या वाटेवर एका गावी आपला मुक्काम एका शेतकऱ्याच्या रानात असायचा. पुष्कळ वर्षं असायचा. तो माणूस आपल्यासाठी तेवढं रान पेरायचं ठेवायचा, विहिरीवरची मोटार चालू करून द्यायचा, चहा-पोहे करायचा. एके वर्षी आपण तिथं पोचलो तर तो हात जोडून उभा होता. राग नव्हता. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, की यंदापासून राहुट्या दुसरीकडं टाका. आम्ही खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. आदल्या वर्षी आपण पहाटे काकडा करून निघालो. मागं रानात प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या, पाण्याच्या बाटल्या, उष्टं अन्न बांधून फेकलेल्या कॅरिबॅगा. त्याची गाभण गाय दावं तोडून त्यात शिरली. अन्नाच्या वासानं पिशव्यांसकट खाल्लं. गाय वाचली नाही.

आम्ही त्या रात्री तिथंच उभ्या उभ्या हरिपाठ म्हटला, पण तोंडातून शब्द फुटेना. गोपाळकाल्याला जाणारी आपली दिंडी आणि तिच्या उष्ट्यानं गाय मेली. हे आपल्याच हातून झालं. तेव्हा आम्हाला गाडगेबाबा आठवले. त्यांचं गोरक्षण आठवलं आणि त्यांचं गाडगंही आठवलं.

त्या गाडग्याचा विचार करा. बाबांच्या काळीही वारीत कचरा व्हायचा, पण तो पळसाच्या पत्रावळीचा, केळीच्या सालीचा, शेणाचा. बाबा तो झाडून खड्ड्यात लोटायचे आणि पावसाळ्यात त्याची माती व्हायची. त्यांचं गाडगंही मातीचंच. फुटलं तर मातीत जाणार. आज आपण जे टाकतो त्याची माती होत नाही. ते आपल्या पाठीमागं राहतं. आपण मेल्यावरही राहणार. म्हणून आज नुसता खराटा पुरत नाही. खराट्यानं फार तर ते या रानातून त्या ओढ्यात जाईल. बाबांकडून आज घ्यायचं असेल तर खराट्याच्या आधी गाडगं घ्यावं लागेल. एकच भांडं, आपलं आपण बाळगायचं, धुवायचं आणि पुन्हा वापरायचं.

आणि ओढ्यात गेलेलं कुठं जातं? आपण आळंदीहून इंद्रायणीत स्नान करून निघतो. ती इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. वाटेत पादुकांना नीरास्नान होतं. ती नीरा नीरा-नरसिंगपूरला भीमेला मिळते. आणि भीमा पंढरीत येऊन चंद्रकोरीसारखं वळण घेते, तिलाच आपण चंद्रभागा म्हणतो. म्हणजे आळंदीला टाकलेलं, नीरेत सोडलेलं सगळं त्याच वाटेला लागतं. त्या पाण्यात शहरांचं सांडपाणी आहे, कारखान्यांचं मळीचं पाणी आहे. इंद्रायणीवर फेस तरंगताना आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो काही वारकऱ्यानं केलेला नाही आणि ज्यांनी केला त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारायला उभं राहायचं तर आपले हात आधी स्वच्छ हवेत. बाबा गावाला चार शब्द सुनवायचे ते रात्री. दिवसभर आधी गाव झाडलेलं असायचं. म्हणून त्यांचं बोलणं कुणाला टोचलं तरी परतवता येत नव्हतं.

अलीकडं निर्मल वारीच्या निमित्तानं वाटेवर फिरती शौचालयं येतात. तरणी पोरं हातमोजे घालून तळ साफ करतात. त्यांचे उपकार आहेत. विशेषतः आपल्या माय-बहिणींची जी कुचंबणा व्हायची, अंधार पडायची किंवा उजाडायच्या आत उठायची जी वाट बघावी लागायची, ती पुष्कळ कमी झाली. त्यांनी वर्षानुवर्षं ते सोसलं आणि डोक्यावरची तुळस खाली ठेवली नाही. पण दुसऱ्यानं येऊन आपला तळ झाडावा आणि आपण टाळ वाजवत पुढं निघून जावं, हे काही बरोबर नाही. मग खराटा पुन्हा ठरावीक माणसांच्याच हातात गेला की नाही?

म्हणून त्या रात्रीनंतर आपल्या दिंडीनं काही नेम धरले. ते नव्या माणसांना माहीत असावेत म्हणून इथं लिहून ठेवतो. भिशी भरणाऱ्या प्रत्येकानं आपलं ताट, वाटी, तांब्या सोबत आणायचा. पंगतीला पानाच्या पत्रावळीखेरीज दुसरी पत्रावळ घ्यायची नाही. वाटेत कुणी दात्यानं प्लॅस्टिकच्या पेल्यात चहा दिला तर पेला न घेता आपला तांब्या पुढं करायचा. दात्याचा अपमान करायचा नाही, गोड बोलून सांगायचं. तळ सोडण्याआधी विणेकऱ्यांपासून स्वयंपाकाच्या माणसांपर्यंत सगळ्यांनी अर्धा तास रान झाडायचं. माती होणारा कचरा खड्ड्यात पुरायचा आणि बाकीचा पोत्यात भरून ट्रकमध्ये टाकायचा. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. ज्येष्ठ टाळकरी म्हणाले, की आयुष्यात कधी वारीत खराटा धरला नाही. त्यांना कुणी उलट बोललं नाही. आपले विणेकरीबुवा वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देऊन, खाली वाकून मुकाट्यानं झाडायला लागले. मग बाकीचे आपोआप वाकले. पूर्णेच्या काठावर बाबांच्या हातून घडलं तेच, फार लहान प्रमाणात, आपल्या रानात घडलं.

अजून चुका होतात. पावसाच्या दिवशी झाडायचं राहतं. नवीन पोरं बाटल्या फेकतात. ताट विसरून येणारा दरवर्षी एखादा असतोच. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण दोन वर्षांनी आम्ही त्या शेतकऱ्याच्या दारात पुन्हा गेलो. मुक्काम मागायला नव्हे, माफी मागायला. त्यानं काही उत्तर दिलं नाही. आमची दिंडी शेजारच्या माळावर उतरली होती. पहाटे आम्ही झाडत असताना तो बांधावर येऊन उभा राहिला, बघत राहिला. निघताना त्यानं घरातून एक खराटा आणला आणि आमच्या ट्रकात टाकला. पुढच्या वर्षी रान मोकळं ठेवतो, एवढंच बोलला.

तो खराटा आपल्या दिंडीत आजही आहे. झिजलाय, पुन्हा बांधलाय. पताका, वीणा, पखवाज, तुळशीवृंदावन यांच्यासोबत तोही वारीला येतो. दुसऱ्या शंभर वर्षांत आपल्या नातवंडांनी आपला हिशेब विचारला, तर किती कोस चाललो ते सांगता येईलच. पण ज्या रानात उतरलो ते कसं ठेवून निघालो, हे ते आधी विचारतील. गाडगेबाबांचं चरित्र या स्मरणिकेत आहे ते त्यासाठी.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥